विजयदुर्ग आणि सूर्यातली पिवळी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचा कट्टा’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला, असं सांगतात. ऐकायला मलाही आवडतं. पण तारखा जुळत नाहीत. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेघ त्यांनी ऑक्टोबर १८६८मध्येच, इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना टिपली होती.

आता ही रेघ म्हणजे काय? अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच राहता येतं. वरून खाली उतरला, की मधल्या फरकाइतकी ऊर्जा प्रकाशरूपानं बाहेर पडते. नेमकी तेवढीच मिळाली, तर तो पुन्हा वर चढतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून रंगही निराळे. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ पडलं, की ती पिवळी होते. ती सोडियमची खूण, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. लॉकयर यांची रेघ होती ५८७.६वर. एवढ्याशा फरकावरून नवं मूलद्रव्य मानायचं, हे धाडसच! अनेकांनी मानलंही नाही. पुढे १८९५मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ दिसली.

म्हणजे लॉकयरसाहेब कोकणात उतरले, तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती.