परसातली सुगरण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘श्रद्धा आणि चिकाटी’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही कीर्तनकार नव्हे. निवृत्तीनंतर गावी आलो, पहाटे परसात खुर्ची टाकून बसण्याची सवय जडली. तेथे जे दिसले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आमच्या विहिरीवर एक माड वाकलेला आहे. पावसाळा लागला, की त्याच्या झावळ्यांवर सुगरणींची शाळा भरते. नाव स्त्रीलिंगी, परंतु विणणारा असतो नर. त्या दिवसांत त्याच्या माथ्यावर हळदीसारखा पिवळा रंग चढतो. भाताच्या किंवा माडाच्या पात्यास चोचीने खाच पाडून तो झेप घेतो, आणि त्यासरशी लांब पट्टी सुटून येते. प्रथम झावळीच्या टोकाशी गाठ, मग एक कडे, आणि त्या कड्यात बसून चोच पोहोचेल तेथवर वीण. एका घरट्यास शेकडो खेपा होतात. आतून ओल्या मातीचे गोळे लावतो. त्या मातीत तो काजवे टोचून दिवा लावतो, असे आमच्या आजी सांगत. आम्हांस काजवा काही दिसला नाही.

घरटे उपड्या टोपीएवढे झाले, की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांस बोलावतो. मादी येते, आत शिरते, वीण ओढून पाहते आणि बहुधा निघून जाते. पसंत पडले, तरच तो अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागेजवळ किहीम येथे हा सारा व्यवहार बारकाईने पाहून जगापुढे मांडला. मादी अंड्यांवर बसली, की हे गृहस्थ शेजारी दुसरे घरटे मांडून दुसरीस बोलावू लागतात. हा भाग मात्र अनुकरणीय नव्हे, असे आमच्या सौभाग्यवतींनी बजावून ठेवले आहे!

एका पावसाळ्यात आम्ही त्या माडावर पाच अर्धवट घरटी मोजली. पाचही नाकारलेली. सहाव्याचे कडे मात्र बांधले जात होते. कोणी येईल, याची हमी त्या जिवास कोणी दिली होती?

हे पाहताना आमची मान खाली का गेली, ते जुन्या सभासदांस ठाऊक आहे. आपल्या वसतिगृहाचे काम जोत्यावर थांबले, तेव्हा कोषाध्यक्ष आम्हीच होतो. ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन गेला तो परतला नाही. पैसा आपल्या सर्वांचा, भोळेपणा आमचा. कोणी तोंडावर बोलले नाही. पण आम्हीच सभेस येणे सोडले. त्या जोत्यावर आता रानतुळस माजली आहे. एस्टी तेथून वळते तेव्हा आम्ही दुसऱ्या खिडकीकडे पाहत असू.

त्याच श्रावणात एका रात्री मोठे वादळ झाले. पुरी झालेली दोन घरटी विहिरीत पडली. एकात पिल्ले होती. आम्ही ती पोहऱ्याने वर काढली आणि परसाच्या कोपऱ्यात पुरली. त्या दिवशी माडावर फारशी किलबिल नव्हती. तिसऱ्या दिवशी चहाची कपबशी हातात असताना वर पाहिले, तर त्याच झावळीस हिरवी पट्टी गुंडाळली जात होती. चहा तसाच निवला.

संध्याकाळी आम्ही चिटणिसांच्या घरी गेलो आणि वर्गणीची वही मागून घेतली. आजवर अकरा घरे झाली. तीन घरांनी दार लावून घेतले. त्यांचा राग रास्त आहे, तेथे पुन्हा जाऊ. एका माउलीने गवारीच्या विक्रीचे पैसे पदराच्या गाठीतून सोडून दिले आणि पावती मात्र मागून घेतली. बरे केले. आता प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि वहीवर दोघांच्या सह्या राहतील.

उद्या खालच्या आळीकडे निघावयाचे आहे. आमचे गुडघे आता चढ-उतार सोसत नाहीत, म्हणून दोघे-तिघे तरुण सोबतीस हवे आहेत. सकाळी सातच्या आत आमच्या विहिरीपाशी यावे. चहा तेथेच होईल.