जुने पत्ते मोडण्याचा आपल्याला अधिकार नाही

आपापल्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी कार्यकारिणीची ऋणी आहे.

अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो थोडक्यात असा. पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या अखेरीस थांबलं. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. अशा मुदत संपलेल्या प्रणालींवर चालणाऱ्या साइट आजही आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली आहेत आणि त्या हलवाव्याच लागतील. बाकीचा आढावा अहवालात छापला आहे. मला वेगळं बोलायचं आहे. बरीच वर्षं हे मनात आहे आणि असं व्यासपीठ पुन्हा मिळेल की नाही, माहीत नाही.

माझी तक्रार अशी आहे की साइट नवी करताना आपण तिचे जुने पत्ते मारून टाकतो, आणि वर त्याला सुरक्षित स्थलांतर म्हणतो.

एका संशोधन संस्थेच्या जुन्या साइटवर नियतकालिकांची लेखसूची होती, प्रत्येक नोंदीचं स्वतंत्र पान. पीएचडी करणारी मुलं त्या पानांचे पत्ते तळटीपांत देत असत. नवी साइट आली, थाटात उद्घाटन झालं. काही महिन्यांनी मला एका विद्यार्थिनीचा फोन आला. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी तिच्या तळटीपा उघडून बघितल्या, तर प्रत्येक तळटीप मुखपृष्ठावर, पदाधिकाऱ्यांच्या फोटोपाशी जाऊन थांबत होती. मुलीने काडीचंही चुकीचं केलेलं नव्हतं. तिच्या सगळ्या नोंदी नव्या साइटवर होत्या, फक्त वेगळ्या पत्त्यांवर. काम करणाऱ्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, एरर तर येत नाही ना?’’

त्या उत्तराचा मला आजही संताप येतो. ४०४ निदान खरं सांगतो की पान सापडलं नाही. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं म्हणजे वाचकाला खोटं सांगणं आहे. गूगलसुद्धा असे वळवलेले पत्ते हरवलेल्या पानांतच धरतं.

इथे ग्रंथपाल मोठ्या संख्येने बसले आहेत. कपाटं बदलली, इमारत बदलली, वर्गीकरणाची पद्धत बदलली, म्हणून तुम्ही पुस्तकाचा दाखल क्रमांक बदलता का? मग वेबसाइटच्या बाबतीत हे आपण का चालवून घेतो? टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही. बदलतात ती माणसं. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवलं. हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या लिंका तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या लिंकांमागे मूळ मजकूर उरलेला नव्हता. आणि फार लांब कशाला जायचं? मराठी विकिपीडियावरचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे लेख काढा आणि त्यांच्या संदर्भांवर क्लिक करत चला.

कालच्या सत्रात वाद रंगला तो वर्डप्रेस चांगलं, ड्रुपल चांगलं की साधी स्थिर पानं चांगली यावर. मी तिन्हींवर कामं केली आहेत. एका संस्थेने ड्रुपल ७ ची भारदस्त प्रणाली बसवून घेतली. कुणी लिहायचं, कुणी तपासायचं, कुणी प्रसिद्ध करायचं, सगळ्यांचे अधिकार वेगवेगळे. रोजचा मजकूर टाकणारे होते कार्यालयातले एक लिपिक. त्यांना ते जमेना, म्हणून पुढे कुणी लॉगिनच करेना, आणि लॉगिन नाही म्हणून दुरुस्त्याही नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या सुरक्षेतलं एक भगदाड जाहीर झालं. पहिल्या सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट घुसखोरांच्या हाती गेली असंच समजा, असा इशारा खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दिला. या संस्थेत तो इशारा वाचायलाही कुणी नव्हतं. नंतर आम्ही ती साइट साध्या पानांवर आणली आणि ते लिपिक ती आनंदाने चालवू लागले. जो माणूस रोज वापरणार, त्याला झेपेल ती प्रणाली घ्या. माझ्या लेखी तो वाद तिथेच मिटतो. प्रणाली आज ना उद्या पुन्हा बदलणारच आहे. टिकवायचा आहे तो मजकूर, आणि त्याचा पत्ता.

हे काम अवघड असतं तर मी इतकी चिडले नसते. जुन्या साइटला हात लावण्यापूर्वी तिच्या पत्त्यांची यादी करायची. साइट फिरून येणारा प्रोग्राम आतून जोडलेली पानंच दाखवतो. ज्यांची लिंक मेन्यूतून कधीच निघून गेली पण जी बाहेरचे लोक अजून वाचतात, ती पानं सापडतात सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये. पत्त्याच्या शेपटीला क्रमांक असलेल्या जुन्या एएसपी साइट तर सगळ्यांत सोप्या. तो क्रमांक नव्या डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यात जपून ठेवा, म्हणजे एकाच नियमात हजारो पत्ते ३०१ ने थेट आपापल्या पानावर पोचतात. जुना सर्व्हर विंडोजचा आणि नवा लिनक्सचा असेल तर फाइलींच्या नावांतली मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं तपासा, नाहीतर अर्धी चित्रं गायब होतील. मग सगळी यादी चाचणीच्या सर्व्हरवर प्रोग्रामने उघडून बघायची आणि त्यानंतरच डीएनएस बदलायचा. बदलताना ईमेलच्या नोंदी तशाच राहिल्या ना, हेही पाहायचं. साइट सुरू आणि कार्यालयाचा ईमेल बंद, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

मराठी पत्त्यांबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. पत्त्यात देवनागरी अक्षर घातलं की आतल्या आत त्याची नऊ चिन्हं होतात, आणि वर्डप्रेस त्या भागाला दोनशे चिन्हांची जागा देतं. म्हणजे काना-मात्रा धरून बाविसाव्या अक्षराला मथळा तुटतो. एकाच मालिकेतल्या लेखांचे मथळे बहुधा सारखेच सुरू होतात, त्यामुळे तुटल्यावर पत्तेही सारखे दिसू लागतात आणि प्रणाली त्यांना शेवटी आकडे चिकटवत जाते. पुढच्या स्थलांतरात ते आकडे फिरतात आणि एका लेखाचा वाचक दुसऱ्याच लेखावर पोचतो. पत्त्यात छोटा, कायमचा क्रमांक ठेवा, ही माझी विनंती आहे.

आता फॉन्टचा वाद. युनिकोडपूर्वीच्या आपल्या साइटवरची अक्षरं संगणकाच्या लेखी रोमन चिन्हंच होती. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देत असे. हा मजकूर यंत्राने बदलावा की नव्याने टंकित करावा, यावर इथे पूर्वी बरंच भांडण झालं आहे. दिवाळी अंकांचा एक जुना संग्रह आम्ही यंत्राने बदलला. पण त्याआधी एका निवृत्त मुद्रितशोधकांना नमुन्याची पानं दिली. आमच्या तरुण प्रोग्रामरांना जे दिसलं नव्हतं ते त्यांनी एका दुपारी दाखवून दिलं. रफार शेजारच्या अक्षरावर सरकला होता, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध शिरली होती, ‘दऱ्या’ सरसकट ‘दर्या’ झाल्या होत्या. नियम दुरुस्त करून यंत्र पुन्हा चालवलं आणि संग्रह वाचला. तेव्हा यंत्र हवंच, आणि त्याच्या शेजारी मराठी वाचणारा माणूसही हवा. मात्र कोड साफ करण्याच्या नादात जुने फॉन्टचे टॅग आधी उडवू नका. कुठला तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे आणि कुठला मुळातच इंग्रजी आहे, हे फक्त त्या टॅगना ठाऊक असतं.

डेटाबेसमध्ये जुना मजकूर उलटसुलट युरोपीय अक्षरांत दिसला तर घाबरू नका. तो बहुधा दोनदा एन्कोड झालेला असतो आणि परत आणता येतो. पण जिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतील तिथलं मराठी गेलेलं असतं. म्हणून जुना डेटाबेस आणि जुना सर्व्हर लगेच पुसू नका, आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही घरगुती पानांना जागा देणारी सेवा बंद झाली तेव्हा हौशी मराठी माणसांनी घरी बसून केलेली कितीतरी पानं माझ्या डोळ्यांदेखत गेली. किल्ल्यांच्या नोंदी होत्या, आजीच्या पाककृती होत्या, परदेशातल्या मंडळांच्या गणेशोत्सवांचे वृत्तांत होते. ती पानं परक्यांच्या जागेवर होती, आपल्या हातात काही नव्हतं. पण आपल्याच संस्थांनी, आपल्याच पैशाने, आपल्याच सर्व्हरवरून तितकाच मजकूर बेपत्ता करावा, हे मला सहन होत नाही. दुसरीकडे १९९६ पासून चाललेल्या मायबोली या संकेतस्थळाने नव्या प्रणालीवर जाताना ‘हितगुज’ या विभागातल्या जुन्या चर्चा वाचण्यासाठी राहू दिल्या. ज्यांना मजकुराची किंमत कळते त्यांना हे जमतं.

परिषदेने या वर्षी दोन कामं हाती घ्यावीत. जुन्या मराठी फॉन्टचे रूपांतर-तक्ते एका ठिकाणी गोळा व्हावेत; कुठे ठेवायचे आणि कुणी सांभाळायचे, हे कार्यकारिणीने ठरवावं. दुसरं म्हणजे साइट नवी करून घेण्याच्या कंत्राटाचा एक नमुना मसुदा हवा, आणि त्यात जुन्या पत्त्यांचा तक्ता तपासून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, हे कलम हवंच. त्याचे शब्द वकिलांनी घडवावेत, पण त्या कलमाला विरोध करणाऱ्यांशी मी कुठेही वाद घालायला तयार आहे.

ज्यांच्या साइटचं काम येत्या वर्षात निघणार आहे, त्यांनी मात्र कार्यकारिणीची वाट बघू नये. पुष्कळशा होस्टिंगवर सर्व्हरचे लॉग थोड्याच दिवसांत पुसले जातात. आज जेवणाच्या सुट्टीत आपल्या कार्यालयाला फोन करा आणि ते उतरवून ठेवायला सांगा.