बारीक नळी आणि मोठी जबाबदारी
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यातील ‘किरकोळ वैद्यकीय साहित्य’ या शीर्षकाखालील खर्च यंदा वाढलेला आढळेल. त्याचे कारण सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून भूलतज्ज्ञ पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, किंवा हातापायांच्या मोठ्या मज्जातंतूजवळ, एक बारीक नळी म्हणजेच कॅथेटर ठेवतात. तिच्यातून बधिरतेचे औषध काही दिवस दिले जाते. रुग्ण लवकर उठून बसतो, मोकळा श्वास घेतो. मात्र त्वचेचे कवच भेदून गेलेली ही नळी जंतूंनाही वाट करून देते. हे जंतू बहुधा रुग्णाच्याच त्वचेवरचे असतात. क्वचित हाताळणाऱ्यांच्या हातांवरून वा श्वासावाटेही येतात. बहुतेक वेळा केवळ लालसरपणावर निभावते. परंतु कण्यात गळू झाले आणि उपचारास विलंब झाला, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

असे फार क्वचित घडते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कण्यातून दिलेल्या ७ लाखांहून अधिक भुलींचा हिशेब मांडला होता. संसर्ग, रक्तस्राव आदी सर्व कारणे धरूनही कायमची इजा दर लाखामागे सुमारे २ ते ४ इतकीच आढळली. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून आम्ही हा आकडा नगण्य मानत असू. आता तसे मानत नाही.

दोन वर्षांपूर्वी काटकसरीसाठी आम्ही नळीवरचे पारदर्शक ड्रेसिंग बंद करून साधे गॉज व चिकटपट्टी वापरण्याचा आदेश काढला. भूलतज्ज्ञांनी हरकत घेतली. आम्ही ती नोंदवून घेतली, मानली नाही. पुढे गुडघा बदललेल्या एका मधुमेही आजींच्या जांघेतील नळीवरची पट्टी चौथ्या दिवशी काढली, तेव्हा तिच्या तोंडाशी पू होता. गॉजखाली काय चालले आहे हे परिचारिकांना दिसतच नव्हते; नळी कधी घातली, ती तारीखही पट्टीवर नव्हती. नळी तत्काळ काढली, प्रतिजैविके दिली. नव्या सांध्यापर्यंत संसर्ग पोहोचला नाही, हे आपले भाग्य. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना त्यांच्या मुलाने विचारले, “साहेब, हे आधी कुणाला दिसलं नाही का?” त्याचे उत्तर आमच्या सहीच्या कागदावर होते.

तो आदेश आम्ही रद्द केला. आता पारदर्शक ड्रेसिंग सक्तीचे आहे. नळी घालताना टोपी, मास्क, निर्जंतुक गाउन व हातमोजे वापरले जातात. त्वचेवर लावलेले अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन पूर्ण वाळल्याखेरीज सुई टोचली जात नाही, कारण ते ओले असताना आत गेल्यास मज्जातंतूंना अपाय करू शकते. पट्टीवर तारीख लिहिली जाते, जागा रोज तपासली जाते आणि गरज संपताच नळी काढली जाते. या शेवटच्या तीन गोष्टींना तर एक पैसाही लागत नाही.

आप्तजनांस एक विनंती. कण्यात नळी ठेवलेल्या रुग्णास घरी गेल्यावर, अगदी काही आठवड्यांनंतरही, ताप, वाढती पाठदुखी, पायांत बधिरता वा अशक्तपणा, किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही जाणवल्यास वाट न पाहता त्याला रुग्णालयात आणावे.

देणगीदारहो, यंत्रावर आपल्या नावाची पाटी लावता येते, हातमोज्यावर नाही. तरीही अशा निनावी वस्तूंसाठी आपण सढळ हाताने दिलेत, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.