मग आम्ही रडलो त्याचं काय?



२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरात एक भांडण झालं. ते जमिनीवरून नव्हतं, पैशावरूनही नव्हतं. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या मरणावरून होतं.

माझी मुलगी आणि माझा पुतण्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' हा सिनेमा बघून आले. पुतण्या खुशीत, मुलगी फणफणलेली. कारण विचारलं तर ती सात वर्षं मागे गेली. वुल्व्हरिन, म्हणजेच लोगन, हा मुठीतून पोलादी नख्या बाहेर काढणारा माणूस. ह्यू जॅकमन हा नट २००० सालापासून त्याची भूमिका करत होता. २०१७ च्या 'लोगन' या सिनेमात तो म्हातारा, थकलेला दाखवला आणि शेवटी एका लहान मुलीला वाचवताना तो मेला. त्याला रानात पुरलं. जॅकमननंही आता या भूमिकेचा निरोप घेतो, असं सांगून टाकलं होतं. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. त्या रात्री ती जेवली नव्हती, हे मलाही आठवतं. आणि २०२४ च्या सिनेमाची सुरुवात कशानं होते, तर डेडपूल नावाचं विदूषकी पात्र तीच कबर उकरतं आणि आतली हाडं हत्यारासारखी वापरून मारामारी करतं. मग दुसऱ्या कुठल्या विश्वातला वेगळा वुल्व्हरिन आणला जातो. नट अर्थात तोच.

आमच्या घरात बोलणं दखनीत चालतं, ते मराठीत सांगतो.

"पण तो पुन्हा बघायला मिळाला ना! आणि पहिला मेलेलाच आहे, हा दुसरा आहे," पुतण्या म्हणाला.

"मग आम्ही रडलो त्याचं काय?" मुलगी म्हणाली.

मला आधी हसू आलं. मग आठवलं, की चाळीस वर्षांपूर्वी मीही असाच भांडलो होतो, माझ्या थोरल्या भावाशी. आम्ही त्याला भाईजान म्हणायचो. माझ्या या पुतण्याचे ते वडील.

तेव्हा दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. गल्लीतल्या एका मास्तरांच्या घरी पंधरा-वीस पोरं जमिनीवर बसायची. इंग्रजी कुणाला फारसं कळत नसे, पण मिस्टर स्पॉक कळायचा. टोकदार कान, वर चढलेल्या भुवया, आणि चेहऱ्यावर राग नाही की लोभ नाही. लिओनार्ड निमॉय हा नट ते काम करायचा. भाईजान त्याच्यासारखी बोटं फाकवून हात वर करायचा. आम्ही धाकटे कितीही प्रयत्न केला तरी आमची बोटं तशी फाकत नसत.

पुढे व्हिडिओवर 'द रॅथ ऑफ खान' हा १९८२ चा सिनेमा बघितला. त्यात स्पॉक मरतो. जहाज वाचवायला तो किरणोत्सर्गानं भरलेल्या खोलीत जातो आणि यंत्र दुरुस्त करतो. त्याचा जिवलग मित्र कॅप्टन कर्क धावत येतो, पण दोघांच्या मध्ये काच असते. दोघं काचेला हात लावतात, एकाचा आतून, दुसऱ्याचा बाहेरून. स्पर्श होत नाही. भाईजान तेव्हा वीस वर्षांचा असेल. तो उठून बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला.

या मरणामागची हकिगत मला बरीच नंतर वाचायला मिळाली. निमॉयला स्पॉकचा कंटाळा आला होता. 'मी स्पॉक नाही' अशा अर्थाच्या नावाचं आत्मचरित्र त्यानं १९७५ साली लिहिलं होतं. झकास मरणाचा प्रसंग देतो, असं सांगून त्याला या सिनेमासाठी राजी केलं गेलं. पण सिनेमा तयार होण्याआधीच ही बातमी फुटली आणि चाहते खवळले. निषेधाची पत्रं येऊ लागली. दिग्दर्शक निकोलस मेयर मोठा हुशार. त्यानं सिनेमाच्या सुरुवातीलाच स्पॉकला खोटं खोटं मारलं. तो प्रशिक्षणाचा सराव असतो. सगळे पडतात आणि लगेच उठून उभे राहतात. चाहत्यांना वाटलं, बातमी म्हणजे हीच होती तर! ते निर्धास्त झाले, आणि शेवटी खरा घाव बसला.

तरीही कंपनीला धीर निघाला नाही. आधी काही प्रेक्षकांना सिनेमा दाखवला, तेव्हा शेवट फार उदास वाटला. म्हणून स्पॉकची शवपेटी एका नव्यानं जन्मलेल्या हिरव्या ग्रहावर सुखरूप उतरल्याचं दृश्य जोडलं गेलं. मेयरचा त्याला विरोध होता. त्याच्या मते मेला म्हणजे मेला. पण आशेची फट ठेवली गेली, आणि १९८४ च्या पुढच्या सिनेमात स्पॉक परत आला. त्या सिनेमाचा दिग्दर्शक कोण, तर खुद्द निमॉय!

मी त्यावर चिडलो होतो. मी भाईजानला म्हणालो, "ही तर फसवणूक आहे." तो म्हणाला, "तो फुकट नाही आला. कर्कचा मुलगा गेला, जहाज गेलं. किंमत मोजून आणलाय त्याला." ते खरंच होतं. त्या सिनेमात मित्राला परत आणायला गेलेल्या कर्कचा तरुण मुलगा मारला जातो, आणि ज्या जहाजावर त्याचा जीव, ते जहाज त्याला स्वतःच्या हातानं उडवून द्यावं लागतं.

भाईजानचं हे वाक्य मला आज चाहत्यांच्या सगळ्या वादांची किल्ली वाटते. २०१३ साली 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या सिनेमात तोच काचेचा प्रसंग उलटा करून दाखवला. या वेळी कर्क आत, स्पॉक बाहेर. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींना हात घालायचा, हा त्यातला हिशेब. पण थोड्याच वेळात खलनायकाच्या रक्तानं कर्क जिवंत होतो. कुणाला काही गमवावं लागत नाही. हात तेच, काच तीच, पण अनेक जुन्या चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याऐवजी कपाळाला आठी आली.

निर्मात्यांना पुष्कळदा कळतच नाही, की लोक कुणासाठी रडणार आहेत. आर्थर कॉनन डॉयलनं १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. वाचकांनी त्याला काही सुटू दिलं नाही. दहा वर्षांनी १९०३ मध्ये होम्स परतला. १९८६ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या कार्टून सिनेमात ऑप्टिमस प्राइम या यंत्रमानवाला मारलं, कारण जुनी खेळणी काढून नवी बाजारात आणायची होती. थिएटरात मुलं हमसून रडली. कंपनीच्या लेखी ते जुनं खेळणं होतं, मुलांच्या लेखी घरचं माणूस. पुढच्याच वर्षी टीव्हीवरच्या मालिकेत त्याला परत आणावं लागलं. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' लागला आणि पहिल्या दिवसांत धंदा थंड वाटला, तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, असा विचार झाला होता. तो बारगळला हे आपलं नशीब. जय वाचला असता, तर संध्याकाळी दिवा मालवणारी ती राधा आपल्या इतकी लक्षात राहिली असती का?

आता तर मेलेल्यांना परत आणणं हा मोठा धंदा झाला आहे. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'मध्ये आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, जगासाठी प्राण देतो. त्याला जिवंत करा, अशी विनवणी करणारा फलक चाहत्यांनी २०२१ मध्ये लॉस एंजेलिस शहरात लावला होता. जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या चाहत्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर एकानं मुखवटा काढला. आत टोनी स्टार्कचं काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर! नव्या सिनेमात तो डॉक्टर डूम हा खलनायक होणार, असं जाहीर झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच वेळी कितीतरी चाहत्यांनी विचारलं, की मग तो निरोप कशाला होता?

जुन्या आठवणींची ओढ वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते म्हटलं तर आम्हा कवींचं निम्मं दुकान बंद होईल. ही ओढ चांगल्या कामीही येते. २०१४ च्या 'स्पायडरमॅन'मध्ये अँड्र्यू गारफील्डचा नायक उंचावरून पडणाऱ्या ग्वेन या आपल्या प्रेयसीला वाचवू शकत नाही. २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये तिन्ही पिढ्यांचे स्पायडरमॅन एकत्र आणले गेले. तिथं दुसऱ्या स्पायडरमॅनची प्रेयसी तशीच पडत असते, आणि या वेळी गारफील्ड तिला झेलतो. झेलल्यावर त्याचेच डोळे भरून येतात. ग्वेन परत आलेली नाही. ती मेलेलीच आहे. पण सात वर्षं मनात साचलेल्या दुःखाला वाट मिळाली. माझी मुलगी आणि पुतण्या दोघांचंही या प्रसंगाबद्दल एकमत आहे.

आपल्या मातीत याची समज जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत निघतात. हिंदू-मुसलमान मिळून ते बांधतात. ताबूतांच्या भेटी होतात आणि त्या बघायला गावोगावची माणसं येतात. करबलाची गोष्ट दर वर्षी तीच आणि शेवटही तोच. इमाम हुसेन या वर्षी तरी वाचावेत, असा बदल कुणी मागत नाही. कीर्तनात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा तो बाहेर येणार नाही, हे म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पदर डोळ्यांना लागतो. आठवण ठेवणं म्हणजे गेलेल्याला परत आणणं नव्हे. तो गेला हे मान्य करून त्याच्याजवळ पुन्हा जाऊन बसणं.

हे सगळं मी सांगतो आहे, कारण त्याच वर्षी हा वाद सिनेमातून उठून आमच्या घरात आला.

भाईजान २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. २०२४ च्या डिसेंबरात माझ्या पुतण्याचा निकाह ठरला. एका रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, अब्बांचा आवाज तुमच्याकडे असेल ना?" भाईजान काही वर्षं दम्मामला नोकरीला होता. त्या काळी आखातातली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. तशी १९९२ ची एक कॅसेट माझ्याकडे होती. पुतण्याला ती हवी होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला थोडासा आवाज दिला, की ती त्या आवाजात हवं ते बोलून दाखवते. निकाहच्या दिवशी अब्बांच्या आवाजात त्याला दुआ ऐकायची होती, आपलं नाव घेऊन दिलेली.

मी गप्प झालो. बाप नसलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं? मुलगी आतून ऐकत होती. या वेळी ती भांडली नाही. तिनं त्याला 'स्टार वॉर्स'मधल्या दोन गोष्टी सांगितल्या. पीटर कुशिंग हा नट १९९४ मध्ये वारला. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये दुसऱ्या नटाच्या तोंडावर संगणकानं त्याचा चेहरा चढवला आणि त्याला नवे संवाद दिले. कॅरी फिशर ही नटी २०१६ च्या डिसेंबरात गेली. २०१९ च्या सिनेमात तिला दाखवायचं होतं, तेव्हा आधी चित्रित होऊन पडून राहिलेले तिचे तुकडे काढले आणि त्यांच्याभोवती प्रसंग लिहिले. "ती बोलते ते तिचंच आहे," मुलगी म्हणाली. "चाचांचं जे आहे, त्याच्याभोवती आपण निकाह लिहू."

कॅसेट जुनी, टेपरेकॉर्डर त्याहून जुना. मिरजेच्या एका दुरुस्तीवाल्यानं पट्टा बदलून दिला. निकाहच्या आदल्या रात्री घरातली माणसं बसली आणि मी बटण दाबलं. आधी खरखर, मग खोकला. मग भाईजान अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी करतो. आंबे आले का, विचारतो. धाकट्याचा बी.ए.चा निकाल लागला का, विचारतो. तो धाकटा म्हणजे मी. मध्येच अजान होते आणि तो थांबतो. पुतण्याचं नाव त्यात कुठेच नाही. तो तेव्हा जन्मालाही आला नव्हता. शेवटी भाईजान म्हणतो, "चला, ही बाजू संपत आली. सगळ्यांना दुआ."

सगळ्यांना, म्हणजे त्यात पुतण्याही आलाच.

लिओनार्ड निमॉय २०१५ च्या फेब्रुवारीत गेला. पुढच्या वर्षीच्या 'स्टार ट्रेक बियाँड'मध्ये म्हाताऱ्या स्पॉकच्या मृत्यूची बातमी येते. या वेळी शवपेटी हिरव्या ग्रहावर उतरत नाही. तरुण स्पॉक जुन्या साथीदारांचा एक फोटो बघत उभा राहतो, एवढंच. तो फोटो बघताना मला भाईजानची फाकवलेली बोटं आठवली होती.

तर श्रोतेहो, तुमच्या घरातली मुलं एखाद्या सिनेमातल्या मरणावरून भांडत असतील, तर हसू नका. त्यांना विचारा, की तुम्ही कुणासाठी रडला होतात. त्या रात्री कॅसेट संपल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग पुतण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "चाचा, पुन्हा लावा."

मी पट्टी मागे फिरवली.