थंडीतला लाल रंग

देऊळगाव राजाहून मी बोलते आहे. आज बचत, कर्ज, व्याज यातलं काहीच बोलणार नाही. आज एका रंगाबद्दल बोलायचं आहे, लाल रंगाबद्दल. आणि त्या निमित्ताने माझ्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल.

आपण ३ जानेवारीला सावित्रीबाईंची आणि १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती साजरी करतो. तीन ते बारा, असे दहा दिवस होतात. बैठकीत मी म्हटलं, यंदा भाषणांसोबत आणखी एक गोष्ट करू. रोज एक फोटो काढू. मोबाईल हातात असतो, पण आपण त्यात नातवंडांचे आणि लग्नातले फोटो सोडून काय काढतो? एकीने विचारलं, "कशाचा काढायचा?" मी म्हटलं, "लाल दिसेल त्याचा." थंडीत आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या करड्या होतात, तुरी वाळायला लागतात, रस्त्याकडेची झाडं धुळीने भरतात. त्यात लाल शोधावा लागतो, म्हणून लाल. अट एकच घातली. फोटोसाठी काही विकत आणायचं नाही, मुद्दाम सजवायचं नाही. रोजच्या कामात दिसेल तेच टिपायचं.

गटात आम्ही अकरा जणी, फोन सहा. पहिल्या दिवशी आलं काय? गॅसचं सिलिंडर, एसटी, आणि शाळेत निघालेल्या पोरीच्या वेणीची रिबीन. आम्ही खूप हसलो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोळे उघडायला लागले. बंबातले निखारे आले. अर्धं हिरवं, अर्धं लाल झालेलं बोर आलं. धुतलेल्या गाजरांवरचं पाणी आलं. गटाच्या खातेवहीची लाल कापडी पाठ आली. दर महिन्याला मी ती वही हाताळते, पण तिच्या कडा किती झिजल्या आहेत आणि कुणाकुणाची बोटं तिथे लागली आहेत, ते मला फोटोत दिसलं.

आता थोडं कामाचं सांगते, कारण आमचे पहिले फोटो बिघडले होते. लाल रंग मोबाईलला सहज पेलत नाही. भर उन्हात मिरचीचा ढीग टिपला, तर नुसता लाल डाग दिसतो. एकेक मिरची वेगळी दिसत नाही. त्यावर आम्हाला सापडलेले उपाय ऐका.

आधी पदराने कॅमेऱ्याची काच पुसा. अर्धे फोटो तेवढ्यानेच सुधारतात. मग पडद्यावर त्या लाल वस्तूवर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा, म्हणजे उजेड कमी होतो आणि रंगातल्या सुरकुत्या, चमक, देठ दिसायला लागतात. वस्तू सावलीत घ्या. हिरव्या नेटखाली फोटो काढू नका, तिथला उजेडच हिरवट असतो, त्यात लाल मळकट दिसतो. लालच्या मागे काळी माती किंवा हिरवा पाला आला, तर तो उठून दिसतो.

आणि वेळ सांभाळा. थंडीत सूर्य खालून चालतो, ऊन तिरपं पडतं. सकाळी त्याला जास्त हवेतून यावं लागतं. त्यात निळा उजेड वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस ऊन पोचतं. म्हणून सकाळचा लाल ऊबदार वाटतो. संध्याकाळी मात्र उशीर करू नका. अंधारायला लागलं की लाल लुगडं काळं दिसायला लागतं आणि झाडाचा हिरवा मात्र बराच वेळ ओळखू येतो. हे तुम्ही पाहिलेलं आहे. डोळ्यांचा तो गुणच आहे. पुर्किन्ये नावाच्या एका चेक शास्त्रज्ञाने सुमारे २०० वर्षांपूर्वी तो नोंदवून ठेवला.

ज्या मिरची पावडर विकतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. फोटोत रंग वाढवू नका. फोटोतला लाल आणि पुडीतला लाल वेगळा निघाला, की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

आता माझी चूक सांगते.

दहा जणींचे फोटो येत होते. एका वहिनींचा एकही आला नव्हता. मला वाटलं, फोन मुलाकडे असेल. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "वहिनी, माझ्या फोनवर काढा." त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "फोन हाय ताई. पण मला नका धरू याच्यात. लालच काहून काढायला लावता मला? लोक काय म्हनतील?"

त्यांचे मालक जाऊन सहा वर्षं झाली. कुंकू, हिरव्या बांगड्या, लाल लुगडं, सगळं त्याच दिवशी गेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते विसरले होते, आणि मी विसरू शकले, कारण माझ्या कपाळावर कुंकू आहे. त्या दिवशी मला काही उत्तर सुचलं नाही. चहा घेतला आणि निघाले. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, लालची अट नाही, ज्या रंगाचा वाटेल त्या रंगाचा फोटो टाका.

नवव्या दिवशी, ११ तारखेला, वहिनींचा फोटो आला. त्यांचा स्वतःचा तळहात, आणि त्यावर उभी चिरलेली लालबुंद मिरची. आत पिवळसर बी दाटीने बसलेलं. सोबत त्यांचा आवाज होता : "हा लाल म्या केला हाय. या फुलाचं क्रॉसिंग माह्या हातचं हाय."

आपल्या भागातल्या बायांना हे समजावून सांगायला नको. बियाण्याच्या मिरचीसाठी शेडनेटमध्ये कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि खुणेला दोरा बांधायचा. मान अवघडते, डोळे दुखतात. आणि ही मिरची हिरवी तोडत नाहीत. पूर्ण लाल झाल्याशिवाय बी पक्व होत नाही. म्हणजे जो रंग वहिनींना घरात चालत नव्हता, तोच पिकवण्याची मजुरी त्या रोज घेत होत्या.

मैत्रिणींनो, कुंकू तरी काय असतं? पारंपरिक कुंकू हळदीचंच. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. पिवळी असते तोवर ती सगळ्यांच्या डब्यात चालते. लाल झाली की मग नियम सुरू होतात. ते नियम चुन्याने घातलेले नाहीत, आपण घातले आहेत. म्हणून ते बदलताही येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं.

आपल्याला तर लांब जायचंही कारण नाही. शेजारच्या सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षं जिजाऊ स्वराज्याच्या कारभारात होत्या, आणि १६७४ चा राज्याभिषेक पाहून मगच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या नावाने आपण जयघोष करतो आणि घरच्या हळदीकुंकवाला जाऊबाईला बोलवत नाही. हे कसं जुळतं?

संक्रांतीला आम्ही एवढंच केलं. कार्यक्रमाला तिळगूळ म्हटलं, अकराही जणींना बोलावलं, वाण सगळ्यांना सारखं दिलं. करंडा मधे ठेवला, जिला हवं तिने आपल्या हाताने कुंकू लावावं. दोन जुन्या सदस्यांना हे पटलं नाही. त्या तिळगूळ घेऊन लवकर गेल्या. त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. वहिनींनी कुंकू लावलं नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. लावायचं की नाही, हे त्यांनी ठरवलं. वाणात मात्र लाल रुमाल होता, तो त्यांनी घडी घालून कमरेला खोचला आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला बांधून नेटवर गेल्या.

उद्या सकाळी ऊन अंगणात आलं की तुम्हीही एक फोटो काढून बघा. काच पुसा, बोट ठेवा, उजेड थोडा कमी करा. आणि गटात जिचा फोटो येत नाही, तिच्या घरी जा. बोलायला नाही, ऐकायला.

जय जिजाऊ, जय सावित्री. नमस्कार.