कॅमेऱ्याचं पाण्यातलं घर

आमचा बचत गट राहुरी तालुक्यातला.

बोअरचं पाणी कमी झालं किंवा मोटर अडकली, की हल्ली आत कॅमेरा सोडून बघतात. केसिंग कुठं फाटलंय, मोटर कुठं बसलीय, ते वर पडद्यावर दिसतं. पण साधा कॅमेरा पाण्यात टिकत नाही. त्याला घट्ट बंद, कोरडं घर लागतं. त्याला हाउसिंग म्हणतात. ज्याचा जसा कॅमेरा, तसं हाउसिंग आम्ही बनवून देतो.

स्टेनलेस स्टीलचा पाईप, पुढं ॲक्रिलिकची जाड पारदर्शक चकती, मागं केबलसाठी ग्लँड आणि सांध्यात रबराची ओ-रिंग. लेथचं काम बाहेरून करून घेतो. मापं, जोडणी आणि तपासणी आमची.

पाण्यात दर दहा मीटरला, चौरस सेंटिमीटरमागं सुमारे एक किलो दाब वाढतो. म्हणजे पाण्याखाली तीनशे फुटांवर, पाच सेंटिमीटर रुंदीच्या चकतीवर जवळपास पावणेदोनशे किलो भार. पन्नास किलोची साडेतीन पोती एका चकतीवर!

आमची चूक सांगते. गिऱ्हाइकाला घाई होती. आम्ही न तपासताच कॅमेरा बसवून दिला. बोअरमध्ये खाली जाता जाता चित्र धूसर झालं, मग पडदा काळा. कॅमेरा गेला.

बैठकीत एकजण म्हणाली, "कॅमेराच जुना होता म्हणू, कुणाला कळतंय?" दुसरी म्हणाली, "आधी उघडून तर बघा." उघडलं. ओ-रिंगवर एक लांब केस आडवा पडला होता. आमच्यापैकीच कुणाचा तरी. मग कुणी काही बोललं नाही.

नऊ हजार भरून दिले. गटाच्या बचतीला हात लावला नाही. कामातून मिळणारा वाटा सगळ्याजणींनी तीन महिने सोडला. घरी उत्तरं देताना जड गेलं.

आता जोडणीला बसताना डोक्याला फडकं बांधतो. ओ-रिंग बोटानं चाचपून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो. मग हाउसिंगमध्ये कॅमेरा न घालता नुसता टिश्यू पेपर ठेवतो, वजन बांधून भरपूर पाण्याच्या, मोटर काढलेल्या बोअरमध्ये गिऱ्हाइकाला हवं तितकं खोल सोडतो. तासाभरानं वर काढून कागद बघतो. कोरडा असेल तरच कॅमेरा आत जातो. ओला निघाला, तर नुकसान कागदाचं.

या चाचणीचे पैसे बिलात वेगळे लिहितो. महाग म्हणून काही गिऱ्हाइकं परत गेली. जाऊ दिली.

तुमचा गट पापड करो की मसाला, माल द्यायच्या आधी एक पाकीट स्वतः उघडून बघा. त्या वेळेची किंमतही दरात धरा.