दोन भाषांचं एक नाणं

कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून बीव्हर हा प्राणी बसलेला आहे. त्याच्याभोवती 'कॅनडा' आणि 'सेंट्स' ही अक्षरं, आणि हे दोन्ही शब्द इंग्रजीत अन् फ्रेंचमध्ये सारखेच लिहितात. उलट्या बाजूला राणी असेल तर तिच्या नावापुढे 'रेजिना', म्हणजे चक्क लॅटिन! भांडायला जागाच नाही. मुरब्बी कारकुनाला शोभावी अशी ही पळवाट.

नोटांवर मजकूर जास्त, तिथे ती चालली नाही. बँक ऑफ कॅनडाने १९३५ साली पहिल्या नोटा काढल्या, त्या इंग्रजी वेगळ्या आणि फ्रेंच वेगळ्या. फ्रेंच नोटा फारच थोड्या छापल्या होत्या, म्हणून आज त्यांच्यासाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. अशा वेगवेगळ्या नोटांवरून बराच वाद झाला, मधल्या काळात सरकारही बदललं, आणि १९३७च्या मालिकेपासून एकाच नोटेवर दोन्ही भाषा आल्या.

नाणंही प्रत्येक वेळी निःपक्षपाती राहिलं असं नाही हं. दुसऱ्या महायुद्धात पाच सेंटच्या नाण्यावर विजयाचा 'व्ही' आला आणि कडेला मोर्स लिपीतल्या रेघा-ठिपक्यांत एक संदेश कोरला गेला: मनापासून राबलो तर जिंकू. तो उलगडला की निघतो निव्वळ इंग्रजी!

भाषांचा हा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत पोचला. १९६९ साली पिएर ट्रूडो पंतप्रधान असताना अधिकृत भाषांचा कायदा झाला. केंद्राच्या संसदेत आणि कचेऱ्यांत इंग्रजी-फ्रेंचला समान दर्जा मिळाला. प्रांतांना मात्र ही सक्ती नव्हती; घटनेनुसार द्वैभाषिक असलेला प्रांत आजही एकच, न्यू ब्रुन्सविक.

प्रसंगविशेषाच्या नाण्यांवर सारख्या स्पेलिंगचे शब्द दर वेळी कुठून मिळणार? २००४ साली युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ पंचवीस सेंटचं नाणं निघालं, मधोमध लाल रंगाचं पॉपीचं फूल. चलनातलं हे जगातलं पहिलं रंगीत नाणं. त्यावर 'रिमेंबर' आहे आणि 'सूव्हनीर'ही. २०१९ साली समलिंगी संबंधांना अंशतः गुन्ह्यातून वगळणाऱ्या, १९६९च्याच दुसऱ्या एका कायद्याच्या पन्नाशीनिमित्त एक डॉलरचं नाणं आलं. त्यावर 'इक्वॉलिटी' आणि 'एगालिते' दोन्ही कोरले आहेत. इथे टाकसाळीने पळवाट शोधली नाही, आणि मला तेच बरं वाटतं.